परिषदेतील ब्लॉगलेखन

परिषदेतील ब्लॉगलेखन म्हणजे व्यावसायिक, वैज्ञानिक किंवा शैक्षणिक परिषदेला उपस्थित राहून तेथील व्याख्याने, परिसंवाद आणि प्रश्नोत्तरे यांचे वृत्तांत ब्लॉगवर तत्काळ किंवा अल्पावधीत प्रसिद्ध करणे होय. असे लेखन करणारी व्यक्ती बहुधा त्याच व्यवसायातील किंवा विद्याशाखेतील असते. वृत्तपत्राने पाठविलेली वार्ताहर नसते. परिषदेस येऊ न शकलेल्या वाचकांपर्यंत तेथील विचार पोहोचविणे हा या लेखनाचा प्राथमिक उपयोग आहे. आपल्या क्षेत्रात स्वतःची ओळख निर्माण करण्याचे साधन म्हणूनही २००० नंतरच्या दशकात त्याचा प्रसार झाला. व्यावसायिक ओळखीच्या अशा जाणीवपूर्वक घडणीला ‘वैयक्तिक नाममुद्रा’ किंवा ‘पर्सनल ब्रँड’ असे म्हटले जाते.

या लेखनप्रकारातील मूळ आशय बव्हंशी दुसऱ्याचा, म्हणजे वक्त्याचा असतो. नाव मात्र लेखकाचे होते. त्यामुळे अचूकता, श्रेयनिर्देश, वक्त्याची संमती आणि हितसंबंधांची जाहीर नोंद हे प्रश्न या विषयाच्या चर्चेत प्रारंभापासून केंद्रस्थानी राहिले आहेत.

संज्ञा

‘वेबलॉग’ हा शब्द अमेरिकी लेखक जॉर्न बार्गर यांनी डिसेंबर १९९७ मध्ये योजला. पीटर मरहोल्झ यांनी १९९९ मध्ये त्याचे ‘ब्लॉग’ असे लघुरूप केले. मराठीत ‘ब्लॉग’ हाच शब्द रूढ असून ‘अनुदिनी’ आणि ‘जालनिशी’ हे पर्यायही वापरले जातात.

व्याख्यान चालू असतानाच केल्या जाणाऱ्या लेखनाला ‘थेट ब्लॉगलेखन’ किंवा ‘लाइव्ह ब्लॉगिंग’ म्हणतात. सत्र संपल्यावर काही तासांत किंवा दिवसांत लिहिलेला मजकूर ‘सत्रवृत्तांत’ ठरतो. अनेक सत्रांचा एकत्रित आढावा घेऊन त्यावर लेखकाने स्वतःचे मत मांडले, तर त्यास ‘परिषद-समीक्षा’ म्हणता येईल. या तिन्ही प्रकारांत लेखकाच्या स्वतःच्या विचाराचे प्रमाण क्रमाने वाढत जाते.

पार्श्वभूमी

विद्वत्सभांचे वृत्तांत अनुपस्थितांसाठी छापण्याची प्रथा ब्लॉगपेक्षा पुष्कळ जुनी आहे. १८३१ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेच्या वार्षिक सभांचे सविस्तर वृत्तांत लंडनच्या ‘अथेनिअम’ या साप्ताहिकात प्रसिद्ध होत असत. मात्र असे वृत्तांत संपादकाच्या नजरेखालून जात आणि छापून येण्यास काही दिवस लागत.

ऑगस्ट १९९९ मध्ये पायरा लॅब्ज या कंपनीने ‘ब्लॉगर’ ही सेवा सुरू केली. संगणकीय भाषेचे ज्ञान नसलेल्या व्यक्तीलाही त्यामुळे स्वतःचे लेखन महाजालावर प्रसिद्ध करणे सुकर झाले. पुढील काही वर्षांत सभागृहांत बिनतारी इंटरनेट जोडणी मिळू लागली. सुलभ प्रकाशनसेवा, वायफाय आणि मांडीवर ठेवता येणारा संगणक ही तीन साधने एकत्र आल्यावर श्रोत्याला जागेवरून न उठता प्रकाशक होता आले.

याच सुमारास व्यावसायिक ओळखीची नवी कल्पनाही रुजत होती. व्यवस्थापनविषयक लेखक टॉम पीटर्स यांनी ऑगस्ट १९९७ मध्ये ‘फास्ट कंपनी’ या अमेरिकी मासिकात ‘द ब्रँड कॉल्ड यू’ हा लेख लिहिला. नोकरदाराने स्वतःकडे एखाद्या नाममुद्रेप्रमाणे पाहावे आणि आपले वेगळेपण लोकांना दिसेल असे काम करावे, असा त्याचा आशय होता. ‘पर्सनल ब्रँड’ या कल्पनेच्या प्रसाराचे श्रेय सामान्यतः या लेखाला दिले जाते. परिषदेतील ब्लॉगलेखन हा ही कल्पना कृतीत आणण्याचा एक अल्पखर्ची मार्ग ठरला.

इतिहास

पीसी फोरम, २००२

परिषदेतील ब्लॉगलेखनाच्या इतिहासात मार्च २००२ मधील एक प्रसंग वारंवार उद्धृत केला जातो. एस्थर डायसन यांच्या ‘पीसी फोरम’ या तंत्रज्ञानपरिषदेचे अधिवेशन अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, फीनिक्स शहराजवळ भरले होते. ‘क्वेस्ट’ या दूरध्वनी कंपनीचे तत्कालीन प्रमुख जोसेफ नॅचिओ हे व्यासपीठावरून भांडवल उभारणीतील अडचणी सांगत होते. सॅन होजे येथील ‘मर्क्युरी न्यूज’ या दैनिकाचे स्तंभलेखक डॅन गिलमोर आणि लेखक डॉक सर्ल्स हे दोघे श्रोत्यांत बसून आपापल्या ब्लॉगवर लिहीत होते.

हे लेखन फ्लॉरिडा राज्यात बसून वाचणारे वकील बझ ब्रुगमन यांनी त्यांना एक दुवा पाठविला. कंपनीच्या समभागांचे मूल्य घसरत असताना नॅचिओ यांनी स्वतःकडील समभाग विकून मोठी रक्कम मिळविल्याची माहिती त्यात होती. दोघांनीही ती आपल्या लेखनात घेतली. सभागृहातील अनेक श्रोते त्याच वेळी हे ब्लॉग वाचत होते आणि वक्त्याविषयीचा त्यांचा भाव पालटला. गिलमोर यांनी ‘वी द मीडिया’ (२००४) या पुस्तकात हा प्रसंग नोंदविला आहे. पुढे एप्रिल २००७ मध्ये गोपनीय माहितीच्या आधारे समभागविक्री केल्याच्या आरोपांवरून नॅचिओ दोषी ठरले; तो खटला स्वतंत्र तपासातून उभा राहिला होता.

या प्रसंगाने दोन गोष्टी दाखवून दिल्या. पहिली, सभागृहाबाहेरील जाणकार वाचक सभागृहातील चर्चेत भर घालू शकतो. दुसरी, वक्त्याला उत्तर देण्याची संधी मिळण्यापूर्वीच श्रोत्यांचे मत बनू शकते. पुढील काळातील बहुतेक वाद या दुसऱ्या मुद्द्याभोवती फिरले.

प्रसाराचा काळ

ऑगस्ट २००५ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे ‘बारकॅम्प’ हे मुक्त संमेलन प्रथम भरले. त्यात श्रोता आणि वक्ता असा भेद नव्हता आणि सहभागींनी संमेलनाविषयी ब्लॉग लिहावा, ही अपेक्षा त्याच्या अनौपचारिक नियमांतच होती.

जून २००७ मध्ये टांझानियातील अरुशा येथे ‘टेडग्लोबल’ परिषद झाली. ‘ग्लोबल व्हॉइसेस’ या जागतिक ब्लॉगजाळ्याचे सहसंस्थापक ईथन झकरमन यांनी तेथील व्याख्यानांवर विस्तृत टिपणे प्रसिद्ध केली. त्याच वर्षी त्यांनी ब्रूनो जुसानी यांच्यासह परिषदेत ब्लॉग लिहिणाऱ्यांसाठी एक मार्गदर्शिका तयार केली.

वैज्ञानिक परिषदांत सामुदायिक टिपणांचा प्रयोग झाला. २००८ मध्ये टोरांटो येथे भरलेल्या संगणकीय जीवशास्त्राच्या ‘आयएसएमबी’ या परिषदेत सहभागींनी ‘फ्रेंडफीड’ या सेवेवर एकत्रितपणे नोंदी केल्या. एकाच सत्राला अनेकजण उपस्थित असल्याने एकाची चूक दुसऱ्याने दुरुस्त करणे शक्य झाले. या अनुभवावरील लेख २००९ मध्ये ‘प्लॉस कॉम्प्युटेशनल बायॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

ट्विटरचा परिणाम

मार्च २००७ मध्ये टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथील ‘साउथ बाय साउथवेस्ट’ या महोत्सवात ट्विटर ही नवी सेवा लोकप्रिय झाली. ऑगस्ट २००७ मध्ये क्रिस मेसिना यांनी विषयवार संदेश एकत्र करण्यासाठी हॅशटॅगची कल्पना मांडली. त्यानंतर परिषदेतील तात्कालिक नोंदी मोठ्या प्रमाणावर ट्विटरकडे वळल्या. तुटक संदेशांत न मावणारी मांडणी, संदर्भ आणि चिकित्सा यांसाठी ब्लॉगचा उपयोग चालू राहिला.

कार्यपद्धती

पूर्वतयारी: परिषदेचा कार्यक्रम पाहून कोणत्या सत्रांना बसावयाचे हे लेखक आधी ठरवितो. वक्त्याचे नाव, पद, संस्था आणि पूर्वीचे लेखन यांची नोंद आधीच करून ठेवल्यास सत्राच्या वेळी केवळ मांडणीकडे लक्ष देता येते. नावांच्या लेखनातील चुकाही टळतात.

सत्रातील टिपण: मजकूर थेट ब्लॉगच्या पानावर न लिहिता संगणकातील साध्या लेखन-प्रणालीत लिहून वेळोवेळी जतन करणे सुरक्षित असते, कारण गर्दीच्या सभागृहात इंटरनेट जोडणी खंडित होण्याचा संभव असतो. विजेच्या जोडणीजवळची आणि पडदा स्पष्ट दिसेल अशी जागा निवडली जाते. अनुभवी लेखक वक्त्याचे शब्द, वक्त्याच्या म्हणण्याचा सारांश आणि स्वतःचा शेरा या तीन गोष्टी टिपतानाच वेगळ्या ठेवतात. अवतरणचिन्हांत केवळ वक्त्याचे नेमके शब्द येतात.

संपादन: सारांश करताना विधानाची मर्यादा गळून पडणे हा या लेखनातील नेहमीचा दोष आहे. ‘प्राथमिक चाचणीत काही रुग्णांना या औषधाचा उपयोग झालेला दिसला’ असे वक्ता म्हणतो आणि वृत्तांतात ‘हे औषध गुणकारी ठरले’ असे उतरते. ‘काही’, ‘कदाचित’, ‘आतापर्यंत’ यांसारखे शब्द वक्त्याच्या विधानाचा अविभाज्य भाग असतात. आकडे, एकके आणि विशेषनामे प्रसिद्धीपूर्वी पुन्हा तपासावी लागतात.

प्रकाशन: प्रत्येक व्याख्यानासाठी स्वतंत्र नोंद केल्यास ती शोधणे आणि तिचा दुवा देणे सोपे जाते. नोंदीत परिषदेचे नाव, स्थळ, दिनांक आणि सत्राचे शीर्षक दिले जाते. नोंद घाईत लिहिली असल्यास तसे नमूद करण्याची आणि नंतरची दुरुस्ती दिनांकासह दर्शविण्याची प्रथा आहे. मूळ चूक गुपचूप पुसून टाकणे अनुचित मानले जाते, कारण तोपर्यंत इतरांनी त्या नोंदीचा आधार घेतलेला असू शकतो.

व्यावसायिक ओळख आणि नाममुद्रा

परिषदेतील लेखनामुळे ओळख निर्माण होण्याची प्रक्रिया साधारणपणे पुढीलप्रमाणे घडते. व्याख्यान ऐकू न शकलेले व्यावसायिक विषयाचे किंवा वक्त्याचे नाव देऊन शोध घेतात आणि वृत्तांतापर्यंत पोहोचतात. वृत्तांत अचूक असल्यास स्वतः वक्तेही त्याचा दुवा देतात. एकाच विषयावरील परिषदांचे वृत्तांत सातत्याने लिहिणाऱ्या व्यक्तीकडे काही काळाने त्या विषयाचा एक संग्रहच तयार होतो. त्यानंतर आयोजकांकडून माध्यम-प्रवेशिका, परिसंवादाच्या सूत्रसंचालनाचे निमंत्रण किंवा स्वतंत्र व्याख्यानाची संधी मिळू शकते.

या प्रक्रियेची ठळक उदाहरणे शोधयंत्र-विपणनाच्या क्षेत्रात आढळतात. हा व्यवसाय नवा होता, त्याची पाठ्यपुस्तके नव्हती आणि ‘सर्च इंजिन स्ट्रॅटेजीज’सारख्या परिषदांतील माहिती त्वरित जुनी होत असे. बॅरी श्वार्ट्झ यांनी २००३ मध्ये सुरू केलेले ‘सर्च इंजिन राउंडटेबल’ हे संकेतस्थळ अशा परिषदांच्या सत्रवृत्तांतांसाठीही ओळखले जाऊ लागले. लिसा बारोन यांनी कॅलिफोर्नियातील ‘ब्रूस क्ले’ या कंपनीच्या ब्लॉगसाठी परिषदांतील सत्रांचे थेट वृत्तांत लिहिले. २००९ मध्ये त्या ‘आउटस्पोकन मीडिया’ या सल्लागार कंपनीच्या सहसंस्थापक झाल्या. कंपनीच्या ब्लॉगवर लिहिलेल्या वृत्तांतातूनही लेखकाची स्वतंत्र ओळख होऊ शकते, हे या उदाहरणावरून दिसते.

नवोदितांच्या दृष्टीने या लेखनाचे विशेष महत्त्व सांगितले जाते. व्यासपीठ मिळण्यासाठी अनुभव किंवा पद लागते. श्रोत्यांत बसून नीट टिपणे काढण्यासाठी तशी अट नसते. मात्र परिषदेचे प्रवेशशुल्क, प्रवास आणि निवास यांचा खर्च ज्यांना किंवा ज्यांच्या संस्थेला परवडतो, त्यांनाच ही संधी मिळते, ही तिची मर्यादा आहे.

वृत्तांताची उपयुक्तता आणि लेखकाची प्रसिद्धी यांत विसंगतीही उद्भवते. प्रसिद्ध वक्त्यांसोबतची छायाचित्रे, भेटींच्या याद्या आणि स्वतःच्या उपस्थितीचे वर्णन यांनीच नोंद भरली, तर अनुपस्थित वाचकाच्या हाती काही लागत नाही. केवळ लोकप्रिय सत्रांचेच वृत्तांत लिहिले जाणे आणि आयोजकांची मर्जी राखण्यासाठी परिषदेतील उणिवा वगळणे हे आक्षेपही घेतले जातात.

संमती आणि अप्रकाशित संशोधन

वैज्ञानिक परिषदांत संशोधक अनेकदा अपूर्ण किंवा अप्रकाशित निष्कर्ष सहकाऱ्यांपुढे मांडतात. असे निष्कर्ष बाहेर गेल्यास प्राधान्याचा हक्क, नियतकालिकातील प्रकाशन आणि पेटंट यांवर परिणाम होईल, अशी भीती असते. २००८ मध्ये स्टॉकहोम येथील एका परिषदेत ‘पामेला’ या उपग्रहीय प्रयोगाची अप्रकाशित आधारसामग्री पडद्यावर दाखविण्यात आली. काही भौतिकशास्त्रज्ञांनी तिची छायाचित्रे घेतली आणि मूळ गटाचा शोधनिबंध प्रसिद्ध होण्यापूर्वी, स्रोताचा उल्लेख करून, ती सामग्री आपल्या निबंधांत वापरली. श्रेय दिले तरी संमती आवश्यक आहे काय, असा प्रश्न त्यातून पुढे आला.

मे २००९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत जीनोमविषयक परिषद झाली. जनुकशास्त्रज्ञ डॅनियल मॅकआर्थर यांनी तेथून आपल्या ब्लॉगवर वृत्तांत लिहिले. वार्ताहरांना वक्त्याची परवानगी घेण्याचे बंधन होते. ब्लॉग लिहिणाऱ्या सहभागींना मात्र ते नव्हते. ही विषमता एका वृत्तसेवेने निदर्शनास आणून दिली. त्यानंतर प्रयोगशाळेने ब्लॉगलेखकांसाठीही वक्त्याच्या पूर्वपरवानगीचा नियम केला.

गॉर्डन रिसर्च कॉन्फरन्सेस या परिषदमालेत तेथे मांडलेली सर्व माहिती खासगी संवाद मानली जाते आणि तिची जाहीर वाच्यता करण्यास मनाई असते. धोरणविषयक बैठकांत चॅटम हाऊस नियम लागू असतो. लंडनच्या चॅटम हाऊस या संस्थेत १९२७ मध्ये तयार झालेल्या या नियमानुसार चर्चेतील माहिती वापरता येते, पण ती कोणी सांगितली आणि ती व्यक्ती कोणत्या संस्थेची, हे उघड करता येत नाही. बारकॅम्पमध्ये लेखन अपेक्षित, तर गॉर्डन परिषदांत निषिद्ध. या दोन टोकांच्या मध्ये बहुतेक परिषदांची धोरणे असतात. काही ठिकाणी वक्ते आपल्या पडद्यावरच लेखनास अनुमती असल्याचे किंवा नसल्याचे चिन्ह दाखवितात.

कायदेशीर बाजू

भारतातील कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार व्याख्यान या संज्ञेत भाषण आणि प्रवचन यांचा समावेश होतो. जाहीर भाषणाचा प्रथम स्वामित्वाधिकार सर्वसाधारणपणे ते देणाऱ्या व्यक्तीकडे असतो. कलम ५२ अन्वये चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी, जाहीर व्याख्यानाच्या वार्तांकनासह, केलेला उचित वापर हा हक्कभंग मानला जात नाही. संपूर्ण भाषणाचे शब्दशः पुनर्लेखन किंवा वक्त्याच्या सर्व चित्रफलकांचे प्रकाशन ‘उचित वापरा’त बसेलच असे नाही. बंद दाराआडील परिषदांत नोंदणीच्या वेळी मान्य केलेल्या अटीही लागू होतात.

पेटंटच्या संदर्भात भारतीय पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम ३१ मध्ये एक सवलत आहे. संशोधकाने विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधात शोधाचे वर्णन आले असले, तरी त्यापासून बारा महिन्यांच्या आत अर्ज केल्यास केवळ त्या कारणाने शोधाची नवीनता नष्ट होत नाही. युरोपीय पेटंट व्यवस्थेत अशी सर्वसाधारण सवलत नसल्याने तेथे अर्ज करू इच्छिणारे संशोधक परिषदेतील वृत्तांतांबाबत अधिक सावध असतात.

प्रायोजित प्रवास, मोफत प्रवेशिका किंवा मानधन घेऊन केलेल्या लेखनाबाबत स्वतंत्र नियम आहेत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनुसार १ डिसेंबर २००९ पासून एखाद्या उत्पादनाची किंवा सेवेची भलामण करणाऱ्या ब्लॉगलेखकांनी असे आर्थिक संबंध उघड करणे अपेक्षित आहे. भारतात ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया या मुंबईस्थित संस्थेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये याविषयी सूचनापुस्तिका प्रसिद्ध केली.

भारतातील स्थिती

भारतात २००६ मध्ये दिल्ली आणि चेन्नई येथे बारकॅम्प झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चेन्नईत ‘ब्लॉगकॅम्प’ भरला. पुढे मुंबई आणि पुणे येथेही बारकॅम्प होऊ लागले. पुण्यात नवीन काबरा आणि अमित परांजपे यांच्या ‘पुणेटेक’ या ब्लॉगने शहरातील तंत्रज्ञानविषयक सभा आणि व्याख्याने यांची माहिती व वृत्तांत नियमितपणे प्रसिद्ध केले. विखुरलेल्या स्थानिक कार्यक्रमांची एकत्र नोंद त्यामुळे उपलब्ध झाली.

या परिषदांतील व्याख्यानांची आणि त्यांवरील ब्लॉगांची भाषा बव्हंशी इंग्रजी असते. इंग्रजी व्याख्यानाचा मराठीत वृत्तांत लिहिताना सारांशासोबत पारिभाषिक शब्दांची निवडही करावी लागते. रूढ इंग्रजी शब्द देवनागरीत तसाच ठेवून प्रथम वापराच्या वेळी त्याचा अर्थ सांगणे, हा मार्ग अशा वेळी वाचकाला सोयीचा ठरतो.

सद्यस्थिती

जून २००६ पासून ‘टेड’ने आपली व्याख्याने चित्रफितींच्या रूपाने विनामूल्य उपलब्ध करून देण्यास प्रारंभ केला आणि इतर आयोजकांनीही हा मार्ग अनुसरला. २०२० मधील कोविड महासाथीच्या काळात अनेक परिषदा दूरस्थ पद्धतीने झाल्या. त्यांची ध्वनिचित्रमुद्रणे वाचकाला थेट पाहता आली. भाषणाचे यांत्रिक शब्दांकन करणाऱ्या प्रणालीही आता सहज मिळतात. परिणामी शब्दशः टिपणाची गरज घटली आहे. कोणते सत्र ऐकण्याजोगे होते, दोन वक्त्यांच्या म्हणण्यात कोठे विरोध होता, प्रश्नोत्तरांत कोणता आक्षेप अनुत्तरित राहिला आणि मार्गिकेतील चर्चेचा कल काय होता, हे मुद्रणातून सहसा कळत नाही. परिषदेतील ब्लॉगलेखनाचे उरलेले क्षेत्र मुख्यतः हेच आहे. मूळ भाषण वाचकाला उपलब्ध असल्याने वृत्तांताची पडताळणीही आता पूर्वीपेक्षा सोपी झाली असून लेखकाची प्रतिष्ठा त्या पडताळणीवर अधिक अवलंबून राहू लागली आहे.